मोबाइल, डीव्हीआर, चॅट: डिजिटल पुरावा कोर्टात नेण्याचा क्रम

वाद झाला की माणूस आधी स्क्रीनशॉट काढतो. मग आपल्या नागपुरात सीताबर्डीवरून त्याच्या रंगीत प्रिंट काढून आणतो. मधल्या काळात तो मोबाइल एक्स्चेंजमध्ये जातो, आणि दावा दाखल करायची वेळ आली की वकिलांना प्रश्न येतो, "ते सर्टिफिकेट कुठं मिळतं?" म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लावायचं प्रमाणपत्र. ते कुठंच मिळत नाही. ते तुम्हालाच सही करून द्यायचं असतं, आणि त्यात ज्या मोबाइलचा आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा ओळख क्रमांक) लिहायचा तो मोबाइल आता तुमच्याकडे नसतो.

पुरावा सहसा खोटा म्हणून पडत नाही. कामं उलट्या क्रमाने केली म्हणून तो पडतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत ठेवू: नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचे संत्र्याच्या मालाचे ३,८०,००० रुपये दुसऱ्या व्यापाऱ्याकडे थकले आहेत. हातात चार गोष्टी आहेत: "पुढच्या महिन्यात देतो" असं कबूल केलेलं व्हॉट्सॲप चॅट, यूपीआयने आलेले दोन हप्ते, एक कॉल रेकॉर्डिंग, आणि माल गाडीत भरतानाचं शेजारच्या गाळ्याचं सीसीटीव्ही चित्रण.

## आधी कायदा कोणता ते ठरवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी आता कलम ६३ पाहायचं. पण त्या तारखेच्या आधीपासून प्रलंबित असलेला दावा, खटला, चौकशी, तपास किंवा अपील १८७२ च्या जुन्या कायद्यानेच चालतं, म्हणजे तिथे कलम ६५-ब. हे कलम १७० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, तरी २०२२ च्या दाव्यात नवा नमुना आणि २०२५ च्या दाव्यात जुनं ६५-ब चं प्रमाणपत्र लावलेलं दिसतं. जुन्या प्रमाणपत्राला ठरलेला नमुना नव्हता. नव्याला अधिनियमाच्या अनुसूचीत छापील नमुना आहे, त्यात भाग अ आणि भाग ब आहेत, आणि हॅश मूल्य (फाइलचा ठसा, टप्पा ४ पाहा) लिहावंच लागतं.

दुसरा गोंधळ शब्दांचा. पुरावा ग्राह्य होणं म्हणजे न्यायालयाने तो वाचायला घेणं. चॅटमधला माणूस तोच आहे आणि तो बोलला ते खरं आहे, हे सिद्ध करणं वेगळं काम आहे. त्यावर किती भरवसा ठेवायचा, हा तिसरा प्रश्न. प्रमाणपत्राने फक्त पहिलं दार उघडतं. ते लावून दोन्ही पुढची कामं झाली असं समजणारे उलटतपासात अडकतात.

## टप्पा १: आहे तिथेच गोठवा

पहिल्याच दिवशी करायची कामं थोडी आहेत, पण त्यात उशीर चालत नाही.

मोबाइलमध्ये त्या चॅटचं 'गायब होणारे संदेश' सेटिंग पाहा. ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर असेल तर घड्याळ आधीच सुरू झालेलं आहे. ॲप काढून पुन्हा टाकू नका, फॅक्टरी रीसेट करू नका. स्क्रीन फुटली म्हणून मोबाइल दुरुस्तीला टाकायचा असेल तर आधी टप्पा ३ आणि ४ उरका.

डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा, नेहमी जुन्यावर नवं लिहीत जातो. हार्ड डिस्क किती मोठी, कॅमेरे किती, यावर चित्रण आठवडाभर टिकतं की महिनाभर, ते ठरतं. आपला डीव्हीआर असेल तर हवा तो भाग उतरवून झाल्यावर मूळ हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवी बसवा. नव्या डिस्कचे पैसे वाचवायला गेलं की मूळच पुसलं जातं.

> सावधान: डीव्हीआरची डिस्क थेट विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडू नका. ती ओळखता आली नाही की विंडोज "फॉरमॅट करायचं का?" असं विचारतं, आणि कोणीतरी सवयीने "हो" दाबतं.

सगळं साहित्य कुठं ठेवता तेही पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सिव्हिल लाईन्सच्या उन्हात उभी केलेली बंद गाडी ही सीडी, पेनड्राइव्ह, डिस्क ठेवायची जागा नाही. लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीतला रंगथर उष्णतेने आणि उन्हाने खराब होतो. कपाटात, कागदी पाकिटात, तारीख टाकून ठेवा.

एक वही करा. कोणती वस्तू, कोणाच्या हातून, कोणाच्या हातात, किती वाजता, कशासाठी: प्रत्येक वेळी एक ओळ. उलटतपासात "हा मोबाइल मधल्या चार महिन्यांत कोणाकडे होता?" हा प्रश्न हमखास येतो.

## टप्पा २: मूळ काय आणि प्रत काय

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणूक वादात, हे नीट मांडलं. मूळ उपकरणच न्यायालयात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन "हा माझा, मी वापरतो" असं सांगितलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रिंट, सीडी, पेनड्राइव्ह अशी प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. नव्या अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये मूळ कशाला म्हणायचं याची व्याप्ती वाढली आहे: एकाच वेळी अनेक फाइलींत साठलेली नोंद असेल तर त्यातली प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा, आणि योग्य ताब्यातून आलेली नोंद कोणी वादग्रस्त ठरवली नाही तर तीही प्राथमिक.

हे वाचून "मग प्रमाणपत्राची कटकट कशाला, मोबाइलच देऊ" असं वाटतं. पण मोबाइल मुद्देमाल म्हणून जमा झाला की निकालापर्यंत परत मिळेल याची खात्री नाही. त्यात तुमचं बँक ॲप आहे, घरचे फोटो आहेत. शिवाय "वादग्रस्त ठरवली नाही तर" ही अट समोरच्या वकिलाच्या एका वाक्याने मोडते. म्हणून दोन्ही तयारी करा: प्रमाणपत्रासह प्रत दाखल करायची, आणि मूळ मोबाइल साक्षीच्या दिवशी पिशवीत ठेवायचा.

## टप्पा ३: उतरवणी

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून प्रकाराप्रमाणे पाहू.

व्हॉट्सॲप चॅट. स्क्रीनशॉट हा चॅटचा फोटो आहे, चॅट नाही. आधी चॅट निर्यात करा, मीडियासह. मीडियासह निर्यात केली की ताजे १०,००० संदेशच येतात, मीडियाशिवाय ४०,०००. चॅट लांब असेल तर दोन्ही प्रकारे काढा. समोरच्याने 'प्रगत चॅट गोपनीयता' लावली असेल तर निर्यात होतच नाही. तेव्हा दुसऱ्या मोबाइलने सलग व्हिडिओ घ्या: आधी मोबाइलचा पुढचा-मागचा भाग, मग *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, मग चॅट उघडून संपर्काचं पान, मग हळूहळू वरून खाली.

संपर्काचं पान का? चॅटच्या डोक्यावर तुम्ही जतन केलेलं नाव दिसतं, नंबर नाही. "संत्रावाले भाऊ" या नावाखाली कोणाचाही नंबर असू शकतो, हे समोरचा वकील पहिल्या मिनिटात विचारतो. नाव दाबून नंबर दिसणारं पान घ्या.

कटाक्षाने टाळायची गोष्ट: निवडक संदेश. आपल्या सोयीचे बारा संदेश ठेवून मधले काढले की समोरचा स्वतःच्या मोबाइलमधलं पूर्ण चॅट दाखल करतो, आणि मग तुमचे बारा खरे असूनही संशय तुमच्यावर येतो.

फोटो आणि व्हिडिओ. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, फोटोतली वेळ-जागेची माहिती निघून जाते. ज्या मोबाइलने काढला त्याच मोबाइलमधून केबल लावून फाइल घ्या. केबलच नसेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तशी फाइल जशीच्या तशी जाते.

सीसीटीव्ही. मॉनिटरवर चाललेलं चित्रण मोबाइलने टिपून आणणं ही या शहरातली सगळ्यात लाडकी चूक आहे. ते मॉनिटरचं चित्रण होतं, कॅमेऱ्याचं नाही. डीव्हीआरला पेनड्राइव्ह लावून बॅकअप घ्या. डीव्हीआर स्वतःच्या स्वरूपात फाइल देत असेल तर ती मूळ स्वरूपातली फाइल, तिचा प्लेअर आणि एमपी४ अशी तिन्ही घ्या. घटनेच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास धरा, नुसती चाळीस सेकंदांची क्लिप दिली की "आधी काय झालं ते का कापलं?" हा प्रश्न येतो.

बॅकअप घ्यायच्या आधी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची नेटवर्कची वेळ शेजारी-शेजारी ठेवून एक फोटो घ्या. बहुतेक डीव्हीआर काही मिनिटं पुढे-मागे असतात. फरक ११ मिनिटांचा असेल तर तसं आधीच लिहून ठेवा. नाहीतर गाडी ४ वाजून २० मिनिटांनी गेली असं साक्षीत म्हणाल आणि चित्रणात ४ वाजून ९ मिनिटं दिसतील.

कॉल रेकॉर्डिंग. मूळ फाइल मोबाइलच्या रेकॉर्डिंग फोल्डरमध्येच राहू द्या, तिची प्रत काढा. आवाज "साफ" करू नका, सुरुवात-शेवट छाटू नका. मग लेखी उतारा तयार करा, आणि इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. नागपुरात माणूस एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी बोलतो. "अरे भाऊ, देऊन राहिलो ना पैसे, काहून टेन्शन घेता" हे वाक्य टंकलेखक "मी पैसे देत आहे, चिंता करू नका" असं करून टाकतो. तसं करू नका. बोललं तसंच लिहा, हिंदी वाक्य हिंदीतच लिहून खाली मराठी भाषांतर द्या, प्रत्येक वाक्यापुढे मिनिट-सेकंद टाका, आणि जे ऐकू येत नाही तिथे "अस्पष्ट" लिहा. उताऱ्यात सुधारलेलं एक वाक्य सापडलं की पूर्ण उतारा संशयात जातो.

यूपीआय आणि बँक. ॲपमधल्या हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट फार काही देत नाही. बँकेकडून खात्याचा उतारा घ्या, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ खालच्या प्रमाणपत्रासह. शाखेत नुसतं "स्टेटमेंट द्या" म्हटलं की साधा शिक्का मारून मिळतं. अर्जात "कलम २-अ प्रमाणे प्रमाणपत्र" असं लिहून द्या. एक प्रमाणपत्र शाखा व्यवस्थापक किंवा प्रमुख लेखापालाचं आणि एक संगणक प्रणाली सांभाळणाऱ्याचं असतं. व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक उताऱ्यात आणि चॅटमधल्या स्क्रीनशॉटवर जुळतो का ते पाहा.

ईमेल. छापील पान पुरत नाही. मूळ संदेश पूर्ण हेडरसह (संदेश कुठून कसा आला याची तांत्रिक नोंद) फाइल म्हणून उतरवा.

> तपासा: उतरवलेली प्रत्येक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का? आवाज येतो का? पूर्ण लांबीची आहे का? हे आता पाहायचं, सुनावणीच्या सकाळी नाही.

> सावधान: दुसऱ्याचा मोबाइल कुलूप तोडून उघडणं, त्यात हेरगिरीचं ॲप टाकणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, मग त्यातून निघालेला पुरावा वाचला गेला तरी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पती-पत्नीच्या आपसातल्या वादात गुपचूप केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग वाचता येतं असं म्हटलं. त्याचा अर्थ कोणाच्याही मोबाइलमध्ये शिरायचा परवाना असा नाही. आणि लहान मुलांचं अश्लील चित्रण समोर आलं तर त्याची प्रत "पुरावा" म्हणूनही काढू नका, कोणाला पाठवू नका. थेट पोलिसांकडे जा.

## टप्पा ४: हॅश

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. अनुसूचीच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ आणि 'इतर' असे पर्याय आहेत. एसएचए-२५६ घ्या. उरलेल्या दोन पद्धतींत वेगवेगळ्या फाइलींचा ठसा मुद्दाम एकच आणता येतो हे माहीत असलेला वकील समोर असू शकतो.

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून गेट-फाइलहॅश (Get-FileHash) ही आज्ञा आणि पुढे फाइलचा पत्ता दिला की एसएचए-२५६ मिळतो. आज्ञा लिहायचा कंटाळा असेल तर सेव्हन-झिप बसवा, फाइलवर राइट-क्लिक करा, सीआरसी-एसएचए या यादीतून एसएचए-२५६ निवडा. उत्तर ६४ चिन्हांचं येतं: ० ते ९ आणि ए ते एफ.

लोक घाबरतात ते इथे: फाइलचं नाव बदललं किंवा पेनड्राइव्हवर प्रत केली तर हॅश बदलत नाही. वर्डमध्ये उघडून पुन्हा जतन केली, व्हिडिओचं स्वरूप बदललं, फोटो आडवा फिरवून जतन केला, तर बदलतो. आणि झिप केलेल्या फाइलचा हॅश आतल्या फाइलच्या हॅशहून वेगळा असतो.

तक्ता करा: अनुक्रमांक, फाइलचं नाव, आकार बाइटमध्ये, हॅश, काढल्याची तारीख-वेळ. हॅश हाताने टंकू नका, चिकटवा. ६४ चिन्हांत एक चूक झाली की दाखल केलेली फाइल आणि प्रमाणपत्र यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

क्रम महत्त्वाचा: उतरवणी, लगेच हॅश, मग प्रती. महिनाभर फाइल घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून नंतर काढलेला हॅश त्या महिन्याबद्दल काहीच सांगत नाही.

## टप्पा ५: प्रमाणपत्र

भाग अ पक्षकाराचा. सही कोणाची? उपकरण किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आणि देखरेखीत आहे त्याची. चॅट तुमच्या मोबाइलमधलं, तर तुमची. दुकानाचा मोबाइल मुलगा वापरत असेल तर मुलाची. वकिलाने सही करायची नसते, ज्याने प्रिंट काढून दिली त्या झेरॉक्सवाल्याने तर नाहीच.

नमुन्यात स्रोतावर खूण करायची असते: कॉम्प्युटर किंवा स्टोरेज मीडिया, डीव्हीआर, मोबाइल, फ्लॅश ड्राइव्ह, सीडी-डीव्हीडी, सर्व्हर, क्लाउड, इतर. सर्रास होणारी चूक: पेनड्राइव्हमध्ये दाखल केलं म्हणून 'फ्लॅश ड्राइव्ह'वर खूण. विचारलंय ते नोंद कुठून घेतली हे, कशात दिली हे नाही. चॅट मोबाइलमधून, तर मोबाइल. मोबाइल हरवला आणि क्लाउडच्या बॅकअपमधून काढलं, तर क्लाउड, आणि मोबाइल हरवल्याचं प्रामाणिकपणे लिहा.

पुढे मेक आणि मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय. दोन सिमच्या मोबाइलला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहा. मग ते उपकरण नेहमीच्या कामात वापरात होतं, माहिती नियमित भरली जात होती, ते नीट चालत होतं, आणि बंद पडलं असेल तर त्याचा नोंदीवर परिणाम झाला नाही, ही विधानं. मधे डीव्हीआर दोन दिवस बंद होता तर ते लपवू नका. परिणाम झाला नाही असं सांगायची सोय नमुन्यातच आहे. उपकरण तुमच्या मालकीचं, देखभालीचं, व्यवस्थापनाचं की वापराचं, जे लागू ते निवडा. शेवटी हॅश, पद्धत, तारीख, वेळ २४ तासांच्या घड्याळाने, ठिकाण, नाव, सही. सोबत हॅशचा अहवाल जोडायचा.

वैयक्तिक माहितीपलीकडच्या गोष्टीसाठी "माझ्या माहिती व विश्वासाप्रमाणे" असं लिहिलेलं कायद्याला चालतं. पण सगळंच तसं लिहू नका. स्वतःच्या मोबाइलचा रंगसुद्धा विश्वासाप्रमाणे सांगणारा माणूस पिंजऱ्यात बरा दिसत नाही.

भाग ब तज्ज्ञाचा. तज्ज्ञ म्हणजे कोण, हे कलम ६३ सांगत नाही आणि त्यावर वाद घातले जातात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली अधिसूचित परीक्षकाचं मत कलम ३९ मध्ये वेगळं नमूद आहे. तसा मिळाला तर प्रश्न मिटला. खासगी तज्ज्ञ घेतला तर त्याची पदवी, प्रशिक्षण, अनुभव यांची कागदपत्रं प्रमाणपत्राला जोडा आणि तो साक्षीला येईल ना, हे फी ठरवतानाच विचारा. कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्त करणारा भाग बवर सही देतो म्हणाला तरी घेऊ नका. रहाटे कॉलनीजवळची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा पोलीस आणि न्यायालयांकडून आलेलं काम करते. स्वतः मोबाइल घेऊन तिथे गेल्याने काम होत नाही. न्यायालयाकडे अर्ज करून तसा आदेश घ्यावा लागतो.

तज्ज्ञाला शेवटी सहीपुरतं बोलावू नका. टप्पा ३ च्या उतरवणीलाच बोलवा. नाहीतर होतं असं: तुम्ही एमपी४ चा हॅश भाग अ मध्ये लिहिता, त्याला झिप पाठवता, तो झिपचा हॅश भाग ब मध्ये लिहितो. एकाच प्रमाणपत्रात दोन वेगळे ठसे.

> तपासा: भाग अ, भाग ब, हॅश अहवाल आणि दाखल करायच्या पेनड्राइव्हवरची फाइल, चारही ठिकाणी तेच मूल्य आहे का? पेनड्राइव्हवर प्रत करून झाल्यावर हॅश पुन्हा काढून पाहा.

कलम ६३(४) म्हणतं की नोंद दाखल करण्याच्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र हवं. तात्पुरत्या मनाई अर्जासोबत लावलं म्हणून पुराव्याच्या वेळी चालेल, असं गृहीत धरू नका. नवीन लावा.

## टप्पा ६: पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर

आपल्या उदाहरणात सीसीटीव्ही शेजारच्या गाळ्याचं आहे. भाग अवर सही त्या गाळेवाल्याची लागणार, आणि शेजारी कोर्टाच्या कामात पडायला सहसा तयार नसतो. आधी त्याला लेखी पत्र द्या: कॅमेरा कोणता, तारीख, वेळ कोणत्या ते कोणत्या, हे चित्रण जतन करून ठेवा आणि प्रत प्रमाणपत्रासह द्या. हातात देऊन पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. नकार दिला किंवा गप्प बसला तर न्यायालयात अर्ज: दिवाणीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली दस्तऐवज घेऊन हजर राहण्याचं समन्स, फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४.

पत्राची पोच जपून ठेवा. जालन्याच्या त्याच प्रकरणात अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही प्रमाणपत्र दिलं नाही, आणि मागणाऱ्याने हाती होतं ते सगळं केलं, हे कागदावर दिसत होतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला अट शिथिल केली. तोंडी मागितलं असतं तर हे घडलं नसतं.

मोबाइल कंपनीचे कॉल तपशील तुम्हाला थेट मिळत नाहीत, न्यायालय किंवा पोलिसांमार्फतच येतात. परवान्याच्या अटीप्रमाणे कंपन्यांना ते दोन वर्षं जपावे लागतात; दावा तिसऱ्या वर्षात गेला की मागायला काही उरत नाही. अर्ज लवकर करा.

मोबाइल पोलिसांनी जप्त केला असेल तर पंचनाम्यात आयएमईआय, सीलबंद केल्याची नोंद आणि शक्य तिथे हॅश आहे ना ते पाहा. नव्या संहितेप्रमाणे उपकरण कोणाकडून कोणाकडे गेलं याचा क्रम दोषारोपपत्रात यायला हवा. आरोपीच्या बाजूचे असाल तर पहिली नजर तिथेच टाका.

## टप्पा ७: दाखल करणं आणि निशाणी

कागदपत्रांच्या यादीत प्रत्येक गोष्ट वेगळ्या क्रमांकाने लिहा: चॅटची प्रिंट, तिचा पेनड्राइव्ह, प्रमाणपत्र, हॅश अहवाल, लेखी उतारा. "पेनड्राइव्ह १ नग" एवढी एक ओळ लिहून भागत नाही. आत किती फाइली, कोणत्या, हेही द्या. न्यायालयासाठी एक, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक, स्वतःसाठी एक अशा प्रती.

उदाहरणातला वाद दोन व्यापाऱ्यांचा आणि ३ लाखांच्या वरचा आहे, म्हणजे वाणिज्यिक दावा. तिथे तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थी, आणि ताब्यातली सगळी कागदपत्रं दाव्यासोबतच. नंतर दाखल करायला वाजवी कारण दाखवून परवानगी लागते. आदेश ११ नियम ६ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दल वेगळं शपथेवरचं निवेदनही द्यावं लागतं. साध्या दिवाणी दाव्यात थोडी ढील मिळते. प्रमाणपत्र राहून गेलं असेल तर खटला संपण्याआधी दाखल करण्याची परवानगी मागता येते, न्यायालयं ती देतातही. पण समोरच्याचं नुकसान होत नाही हे दाखवावं लागतं.

उलट बाजूला असाल तर: समोरच्याने प्रमाणपत्राशिवाय प्रिंट दिली आणि तिला निशाणी (पुरावा म्हणून न्यायालयाचा क्रमांक) पडत असेल तर त्याच क्षणी हरकत घ्या, नोंदवून घ्या. तेव्हा गप्प बसून अपिलात तो मुद्दा काढलेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या सोनू प्रकरणात ऐकला नाही.

## टप्पा ८: साक्षीचा दिवस

शपथपत्रावरच्या सरतपासात, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीत, प्रमाणपत्रातली माहिती गोष्टीच्या ओघात यायला हवी: मोबाइल कधी घेतला, नंबर कोणाच्या नावावर, समोरच्याशी याच नंबरवर आधीही व्यवहार होत होते, चॅट कधी आणि कोणाच्या समोर उतरवलं. समोरच्याचा नंबर त्याचाच, हे दुसऱ्या बाजूनेही दाखवता आलं तर उत्तम: त्याच्या पावतीवर छापलेला नंबर, त्याच नंबराशी जोडलेला यूपीआय. आवाज ओळखायचा असेल तर तो आवाज ओळखणारा साक्षीदार ठेवा, आणि समोरच्याने नाकारलं तर आवाजाच्या नमुन्याचा अर्ज तयार ठेवा.

चित्रण दाखवायचं असेल तर न्यायालयाच्या कॉम्प्युटरवर तुमचा प्लेअर नसतो हे गृहीत धरून जा. परवानगी घेऊन स्वतःचा लॅपटॉप न्या, इंटरनेट बंद ठेवून एकदा चालवून पाहा. सीडी दिली असेल तर बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्हही न्या. नव्या लॅपटॉपला तो नसतो. वेगळा स्पीकर विसरू नका, दालनात पंखे चालू असतात.

उलटतपासात विचारलं जाईल: हॅश म्हणजे काय? तुम्ही काढला की दुसऱ्याने? डीव्हीआरची वेळ ११ मिनिटं मागे होती हे तुम्हाला कधी कळलं? मधले संदेश का नाहीत? "वकिलांनी सही करायला सांगितली" हे उत्तर दिलं तर भाग अ तिथेच हलका होतो. ज्याची सही आहे त्याने प्रमाणपत्र आदल्या दिवशी पूर्ण वाचावं, आणि हॅश एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहावा.

निकाल लागला की मोबाइल विकायला काढू नका. साध्या दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात, ९० दिवस असतात; आपल्या उदाहरणासारख्या वाणिज्यिक दाव्यात ६० दिवस. ती मुदत संपेपर्यंत मोबाइल, डिस्क आणि वही त्याच कपाटात राहू द्या. अपील दाखल झालं तर ते संपेपर्यंत.